हे तुम्हीच होतात का?

४ मार्च, मंगळवार

सकाळी सकाळी धडकी! कार्यालयातला संगणक उघडला तर सगळ्यात वर लाल अक्षरांत मेल — ‘तुमच्या खात्यात संशयास्पद प्रवेश झाला आहे. ताबडतोब खात्री करा, अन्यथा आज संध्याकाळी खातं कायमचं बंद होईल.’ नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांच्या या घराचं सगळं त्या एका खात्यात आहे. बायकांचे अर्ज, दवाखान्याचे कागद, वकीलबाईंशी झालेला पत्रव्यवहार, मुलांचे दाखले. ते गेलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

खाली निळं बटण होतं — ‘इथे खात्री करा.’ दाबलं. जुना पासवर्ड मागितला, दिला. नवा मागितला, तोही दिला. ‘धन्यवाद. आपलं खातं सुरक्षित आहे.’ हुश्श!

दुपारी अजून एक मेल. काळ्या अक्षरांत, अगदी साधं. ‘नवीन उपकरणावरून तुमच्या खात्यात साइन-इन झालं. हे तुम्हीच होतात का?’ म्हटलं, हो बाबा, मीच ती. पुसून टाकलं.

थोरलीला सांगितलं. थोरली म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई, स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. म्हणाली, ‘चोराने आमची भांडणं वाचली असतील ना ताई, तर तोच घाबरून पळाला असेल.’ खूप हसलो दोघी.

६ मार्च, गुरुवार

गणितबाईंनी आज जेवणाच्या मोठ्या टेबलावर मुलांचा वर्ग भरवला. थंडीत आल्या त्या. शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून गणितबाई. खरी नावं मी इथे वहीतही लिहीत नाही — अंगवळणी पडलंय. येणाऱ्या प्रत्येकीला पहिला नियम सांगते तो हाच. हे घर कुठे आहे ते कुणालाही सांगायचं नाही. माहेरीसुद्धा नाही. दारावर पाटी नाही, पत्रं टपाल कचेरीतल्या पेटीवर येतात, मदतीचा फोन नंबर तेवढा सगळीकडे लावलेला.

बाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही. मुलांना ते कळलंय, उत्तर सांगायला सगळी उजव्या बाजूला गर्दी करतात. आज पहिल्यांदा बाई मोकळेपणाने हसल्या. अपूर्णांक शिकवताना! अपूर्णांकात हसण्यासारखं काय असतं, देव जाणे.

एक बारीकशी गोष्ट. न उघडलेली मेल जाड अक्षरांत दिसतात. आजची दोन मी उघडलेली नव्हती, तरी बारीक अक्षरांत होती. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.

९ मार्च, रविवार

कपडे, पडदे, चादरी. कंबर गेली कामातून.

११ मार्च, मंगळवार

वकीलबाईंचा फोन. कुरकुरल्या जरा. ‘अहो, गणितबाईंच्या सुनावणीची तारीख मी शुक्रवारी कळवली ना तुम्हाला? आज परत तेच विचारताय?’

मी म्हटलं, ‘मी कुठे विचारलं?’

‘तुमचंच मेल आहे समोर. बाई स्वतः येणार का, सोबत कोण असणार, कुठल्या दाराने आणणार.’

पाठवलेल्या मेलमध्ये पाहिलं. काही नाही. फोन तसाच कानाला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘आता त्या संगणकावरून काहीही लिहू नका. उद्या माझ्या वहिनीला पाठवते. ती एका कंपनीत संगणकाच्या सुरक्षेचंच काम करते.’

जेवण गेलं नाही. चादरी मोजत बसले उगाच.

१२ मार्च, बुधवार

वहिनी आल्या. (आता घरातल्या सगळ्याच त्यांना वहिनी म्हणायला लागल्या आहेत.) ठेंगणी, चटपटीत बाई, पाठीवर पिशवी. पाणीसुद्धा नंतर म्हणाल्या. ‘आधी मला सांगा, अलीकडे घाबरवणारं काही मेल आलं होतं?’

मी लाल अक्षरांचं मेल दाखवलं. त्यांनी पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बोट ठेवलं. कंपनीच्या नावातलं एक अक्षर बदललेलं. मला दाखवल्यावरही पटकन दिसेना!

‘नवा पासवर्ड टाकलात म्हणता. तो नंतर कुठे वापरलात?’

‘नाही. संगणक उघडाच असतो.’

‘म्हणजे तो बदललाच नव्हता. ते पान खोटं होतं. जुना पासवर्ड तुम्ही लिहून दिलात, तो समोरच्याने उचलला.’

मी दुपारच्या साध्या मेलबद्दल सांगितलं. वहिनी म्हणाल्या, ‘तोच खरा इशारा होता.’

खोट्यावर विश्वास ठेवला आणि खरं पुसून टाकलं. मी!

वहिनींनी आमचा संगणक वापरला नाही. ‘इथे काही घुसवलेलं असेल तर?’ म्हणून स्वतःच्या पिशवीतला काढला आणि माझ्याकडून पत्ता टाइप करवून खात्यात शिरल्या. ‘इशारा कुठलाही येवो, खरा वाटो की खोटा, मेलमधलं बटण दाबायचं नाही. आपण आपल्या दाराने आत जायचं आणि बघायचं.’ आत ‘तुमची उपकरणं’ असं एक पान आहे. मला ते असतं हेच ठाऊक नव्हतं. आमचा संगणक. माझा फोन. आणि तिसरा एक फोन — माझा नाही, घरातल्या कुणाचाच नाही. ४ मार्चपासून आत. शेवटचा वापर — आज सकाळी. शहराचं नाव समोर. हे शहर नेहमी बरोबर असतंच असं नाही, म्हणाल्या. पण गणितबाईंचं गाव तेच. त्यांचा नवराही तिथेच.

मला वाटलं, आता लगेच पासवर्ड बदलतील. पण आधी त्यांनी सगळ्या पानांची छायाचित्रं काढली — पोलिसांसाठी. मग त्या अनोळखी फोनला बाहेर काढलं, पासवर्ड बदलला. जुना कसा होता ते सांगताना मला लाज वाटली — घराचं नाव आणि सुरू झालं ते साल. ‘शेजारच्या मांजरालाही जमला असता,’ म्हणाल्या. नवा म्हणजे एकमेकांशी काही संबंध नसलेले चार लांबलचक शब्द. मग सेटिंगमध्ये आणखी खोल गेल्या. तिथे एक गोष्ट लपलेली — येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत भलत्याच पत्त्यावर जात होती. ‘हे राहिलं असतं तर पासवर्ड दहा वेळा बदलूनही उपयोग नव्हता. चोर बाहेर काढला, पण खिडकी त्याच्यासाठी उघडीच!’ ती बंद केली. खातं परत मिळवायचा फोन नंबर तपासला, सुदैवाने माझाच होता. आता नव्या ठिकाणाहून कुणी शिरायला गेलं की आधी माझ्या फोनवर विचारणार. फोन हरवला तर वापरायचे आकडे कागदावर उतरवून लोखंडी कपाटात.

मी हे सगळं जमेल तसं लिहून घेतलं. पण नंतर त्यांनी जे दाखवलं ते लिहून घ्यायची गरज नव्हती. शोधायच्या चौकोनात नुसती टिचकी मारली की आधी काय काय शोधलं ते खाली दिसतं. गणितबाईंचं पूर्ण नाव. परत तेच नाव. मग ‘पत्ता’. मग ‘बिल’.

विजेचं बिल! दारावर पाटी नाही, टपालपेटी वेगळी, रिक्षासुद्धा दोन गल्ल्या अलीकडे सोडायची — आणि विजेचं बिल दर महिन्याला पूर्ण पत्त्यासकट मेलवर.

खात्यातल्या कचरापेटीत वकीलबाईंना ‘मी’ लिहिलेलं मेल सापडलं. खाली माझी सही. माझ्यासारखंच लिहिलंय हो. ‘आपली स्नेहांकित’ सुद्धा.

१३ मार्च, गुरुवार

संस्थेच्या अध्यक्षबाईंचं म्हणणं पडलं, बायकांना इतक्यात काही सांगू नका, घबराट होईल. गणितबाईंना दुसऱ्या घरी हलवा, कारण विचारलं तर जागेची अडचण सांगा.

जमलं नाही मला ते. आयुष्यभर त्या बाईला कुणी ना कुणी खोटं कारण सांगत आलंय, त्यात माझी भर कशाला?

गणितबाई कपडे वाळत घालत होत्या. मी उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माझ्या हातून कसं झालं, तेही. त्या चिमटे लावत राहिल्या. शेवटचा कपडा लावून झाल्यावर म्हणाल्या, ‘म्हणजे ह्यांना इथलं दार माहीत आहे.’

‘माहीत आहे असंच धरून चालायचं.’

‘मुलांचा उद्या चाचणी पेपर आहे. मी काढून ठेवलाय. थोरलीकडे देते, तुम्ही घ्या.’

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी गाडी आली. कुठे नेलं ते इथे लिहीत नाही. मुलं दारापर्यंत आली नाहीत, मीच येऊ दिलं नाही. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही मला सांगितलंत. ते बरं केलंत.’ गाडी वळल्यावर मी कोठीघरात जाऊन मनसोक्त रडले. थोरलीने बाहेरून दार लोटून घेतलं आणि भांड्यांचा मुद्दाम मोठा आवाज करत बसली.

संध्याकाळी बाकीच्यांनाही सांगितलं. घबराट वगैरे काही झाली नाही. शिवणकाम करणारीने फक्त विचारलं, ‘माझ्या फोनमधलं ते उपकरणांचं पान कसं बघायचं?’ मग सगळ्याच फोन घेऊन बसल्या.

१४ मार्च, शुक्रवार

मुलांनी पेपर दिला. अपूर्णांक सगळ्यांचे बरोबर. तपासायला बाई नाहीत.

फौजदारबाई येऊन गेल्या. तक्रार नोंदवली, छायाचित्रं घेतली. फाटकासमोर दिवसभर एक शिपाई ठेवलाय, साध्या कपड्यांत. साधे म्हणजे इतके साधे, की समोरची दुकानवाली विचारायला आली, हा पोलीस इथे कशाला उभा केलाय!

१५ मार्च, शनिवार

आला. पण गणितबाईंचा नवरा नाही, दुसराच कुणीतरी.

अकराच्या सुमाराला घंटी. फाटकाच्या जाळीतून पाहिलं — चाळिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, डोळे सुजलेले. हात जोडले. ‘ताई, मी तिचा सख्खा भाऊ. दोन मिनिटं भेटू द्या. आई फार आजारी आहे. शेवटचं बघायचं म्हणतेय तिला.’

आई आजारी आहे! या फाटकाशी हे मी किती वेळा ऐकलंय. कुणाची आई, कुणाचं मूल, कुणाचा सासरा अंथरुणाला खिळलेला. बाई घाईघाईने निघते आणि घरी सगळे ठणठणीत. एक तर पुढे चार महिने बोलूही शकली नव्हती, जबडा बांधलेला होता तिचा.

‘इथे असं कुणी राहत नाही,’ मी म्हटलं. ठरलेलं वाक्य.

‘पाया पडतो तुमच्या. आई दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत.’

‘तुमची चूक होतेय. हे खाजगी घर आहे.’

तो रडायला लागला. खरंखुरं रडणं — नाक पुसत, लाज न बाळगता. माझा हात कडीकडे गेला, हे मी कबूल करते. तेवढ्यात तो म्हणाला, ‘खाजगी घर कसं? विजेचं बिल तर संस्थेच्या नावाने येतं ना तुमचं?’

बोलला आणि थबकला. दोघांनाही एकदमच कळलं.

शिपाई रस्ता ओलांडून आला. भाऊ पळाला नाही. फाटकाच्या गजांना धरून खाली बसला आणि म्हणाला, ‘दुसरा काय मार्ग होता मला? सांगा, काय होता?’

१६ मार्च, रविवार

फौजदारबाईंचा फोन. अनोळखी फोन त्याचाच निघाला. खोटं मेल आणि पान एका ओळखीच्या मोबाइल दुकानदाराकडून बनवून घेतलं, अशा सगळ्या घरांना पाठवलं, आणि फसले ते एकटे आम्ही. मेव्हण्याला यातलं काही माहीत नाही म्हणतो. बहिणीचा ठावठिकाणा आईसाठीच हवा होता म्हणतो.

‘खरं वाटतं तुम्हाला?’ मी विचारलं.

‘आईचं तरी खरं आहे. मी दवाखान्यात विचारलं. बाई खरंच शेवटच्या टप्प्यात आहेत.’

रडणं खरं होतं तर. दार उघडलं नाही तेही बरोबरच होतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं बाळगायचं मनात?

निरोप पोचवणं माझं काम. गणितबाईंना नव्या घरी फोन लावला. खरं काय, खोटं काय, जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. फौजदारबाई सोबत द्यायला तयार आहेत, जायचं असेल तर नेतील आणि परतही आणतील, हेही सांगितलं.

मी सगळं परत एकदा सांगितलं. मला वाटलं फोन डाव्या कानाला लावला की काय.

मग म्हणाल्या, ‘दादा मनाने वाईट नाही. पण त्याच्या पोटात काही राहत नाही. तो इथपर्यंत आला म्हणजे ह्यांना कळलेलंच असणार.’

‘पोलीस असतील ना तुमच्याबरोबर.’

‘माझ्याबरोबर असतील. मी निघाले की पोलीसही निघतील. मग आईच्या खाटेशी कोण उरणार, ताई? हे. माझा राग तिच्यावर काढतील. मागे काढलाय. मी जाऊ का? तुम्ही सांगा.’

मी सांगू शकले नाही. सांगायला हवं होतं का, तेही कळत नाही. इतकी वर्षं हे काम करतेय, आणि एका हो-नाहीला तोंड उघडलं नाही.

‘नाही जात,’ त्याच म्हणाल्या. फोन ठेवला.

१७ मार्च, सोमवार

स्वयंपाकघरात सगळ्या भाजी निवडत होतो. थोरलीने विचारलं, ‘तू असतीस तर गेली असतीस?’ शिवणकाम करणारी म्हणाली, ‘धावत.’ मग थोड्या वेळाने — ‘आणि मेले असते.’

१८ मार्च, मंगळवार

दुपारी माझ्या फोनवर वहिनींनी लावून दिलेला इशारा वाजला. कुणीतरी आमच्या खात्यात शिरू बघतंय. हे तुम्हीच आहात का? ‘नाही’ दाबलं. मेलही आलं होतं, त्यातलं काहीही न दाबता स्वतः आत गेले, उपकरणं पाहिली — आपलीच दोन. मेलची प्रत कुठे जात नाहीये ना, ते पाहिलं. पासवर्ड पुन्हा बदलला. छायाचित्र काढून फौजदारबाईंना पाठवलं.

वहिनींना कळवलं. म्हणाल्या, ‘शाबास!’ पोरीसारखा आनंद झाला. लगेच वाटलं — भावाचा फोन तर पोलिसांकडे आहे. मग हे कोण?

२० मार्च, गुरुवार

गेल्या. गणितबाईंच्या आई. भावाने फौजदारबाईंना कळवलं, त्यांनी मला, मी बाईंना.

‘बरं,’ म्हणाल्या. शाळेत हजेरी घेतल्यासारखं. मग म्हणाल्या, ‘तिने डोळे दाराकडे लावले असतील, ताई.’

मी फोन ठेवला नाही. दोघी तशाच राहिलो, पलीकडे कुणीतरी बादली भरत होतं त्याचा आवाज येत होता.

मनातून एक गोष्ट हलत नाही. मी त्या दिवशी ते बटण दाबलं नसतं, तर भाऊ आला नसता. बाई इथेच असत्या, मुलांना शिकवत. आणि आई आजारी असल्याचं त्यांना कळलंही नसतं. बरं झालं असतं की वाईट? किती उलटसुलट केलं तरी उत्तर येत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

नव्या घरातल्या ताईंचा फोन. बाई जेवत नाहीत. दाराकडे तोंड करून बसतात. कुणी काही बोललं की मान फिरवून उजवा कान पुढे करायच्या, तेही बंद केलंय.

२३ मार्च, रविवार

दुपारी मदतीच्या नंबरवर फोन. एक नर्स बोलत होती. कुठल्या दवाखान्यातून ते सांगितलं, आणि मी खुर्चीत बसले.

‘तुमच्यासारख्या घरांचे नंबर एकेक करून लावतेय मी. माझ्या वॉर्डात एक आजी होत्या, गुरुवारी गेल्या. त्यांची मुलगी अशाच कुठल्या तरी घरात आहे, कुठल्या ते त्यांना माहीत नव्हतं. मुलगा तिला आणायच्या मागे लागलाय, हे कळल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. जावई रोज बाहेर बाकावर येऊन बसायचा. आजी मला म्हणाल्या, माझ्या लेकीला एवढाच निरोप द्या — येऊ नकोस. तू आली नाहीस ना, की मी सुखाने जाईन. रोज विचारायच्या, ती आली नाही ना? नाही म्हटलं की हसायच्या. शेवटच्या दिवशीही हसल्या.’

नियमाप्रमाणे मी म्हटलं, ‘अशी कुणी आमच्याकडे आहे की नाही, ते मी सांगू शकत नाही.’

‘माहीत आहे मला. सगळीकडे हेच सांगतात. तुम्ही नुसतं ऐकून घेतलंत, पुष्कळ झालं. मी पुढचा नंबर लावते.’

पुढचा लावू नका, एवढंही मला तिला म्हणता आलं नाही. तिने फोन ठेवला, आणि मी गणितबाईंच्या नव्या घराचा नंबर लावला.